देवाचं काम कुणामुळे अडतं?

पत्राचा सारांश: पत्र एका बाईंचं आहे. नोकरी, संसार आणि बरीच वर्षं एका धार्मिक संस्थेतली सेवा. पतीही तिथेच सेवा करतात. (संस्थेचं आणि पंथाचं नाव मुद्दामच देत नाही.) सुटीचे बहुतेक दिवस तिथे जातात. कार्यक्रमांची आखणी करणं, नव्याने येणाऱ्यांना सामावून घेणं ही कामं त्या करतात आणि जमाखर्चाची वहीही त्यांच्याकडेच असते. मध्यंतरी वडिलांची शस्त्रक्रिया झाली, म्हणून काही दिवस येणार नाही असं त्यांनी कळवलं. सेवेचं नियोजन पाहणारे गृहस्थ म्हणाले, ‘ताई, तुमच्यामुळे देवाचं काम अडलंय.’ अख्खं विश्व चालवणाऱ्याचं काम आपल्यामुळे कसं अडेल, हे काही त्यांच्या मनातून जाईना. परतल्यावर त्यांनी विचारलं, ‘तो सर्वशक्तिमान आहे, तर त्याला माणसांची सेवा लागतेच कशाला?’ उत्तर आलं, ‘हा तुमचा अहंकार बोलतोय. देवाला तुमची गरज नाही, गरज तुम्हाला आहे.’ पती म्हणतात, इतका विचार करू नकोस. बाई विचारतात: असा प्रश्न पडणं पाप आहे का? उत्तर सापडलेलं नसताना सेवा करत राहणं हे ढोंग नाही का? आणि सोडावी म्हटलं, तर मैत्रिणी, घरातली शांतता, सगळंच हातचं जाईल. काय करू?

ताई,

त्या गृहस्थांची दोन वाक्यं मी कागदावर एकाखाली एक लिहून पाहिली. ‘तुमच्यामुळे देवाचं काम अडलंय.’ ‘देवाला तुमची गरज नाही.’ दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. तुम्ही गैरहजर राहिलात तेव्हा पहिलं कामी आलं, तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा दुसरं. त्यांनी हे कावेबाजपणाने केलं असं मी म्हणणार नाही. माणसं कमी पडली की नियोजन करणाऱ्याच्या तोंडून काय काय निघतं, हे कुठल्याही कार्यालयात दिसतं. पण तुमच्या मनात जे खटकलं त्याला अहंकार म्हणू नका. समोर विसंगती होती आणि ती तुम्हाला दिसली, इतकंच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नाही, पाप नाही. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याही नाही. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसवर देवांचा अनादर केल्याचा खटला भरला गेला, ते इसवी सन पूर्व 399 हे वर्ष. खटल्याच्या थोडं आधी युथिफ्रो नावाच्या एका स्वतःला धर्मज्ञ समजणाऱ्या माणसाशी त्याचं बोलणं झालं, असं त्याचा शिष्य प्लेटो याने लिहिलं आहे. युथिफ्रो म्हणतो, धर्माचरण म्हणजे देवांची सेवा, दास मालकाची करतो तशी. सॉक्रेटिस विचारतो, जहाज बांधणाऱ्याला मदत केली की जहाज तयार होतं, वैद्याला मदत केली की आरोग्य मिळतं. मग आपल्या मदतीने देव नेमकं काय तयार करतात? युथिफ्रो गोल गोल फिरतो आणि शेवटी घाईचं काम निघालं म्हणून निघून जातो. तुमच्या संस्थेतल्या गृहस्थांनी निदान काहीतरी उत्तर दिलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे बसलेली आहे. प्राचीन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर, अत्रहसिसची कथा लिहिलेली सापडते. तिच्यात माणसं जन्माला येण्याआधी धाकटे देव कालवे खणत असतात. खणून खणून थकतात, अवजारं जाळतात आणि रात्री एन्लिल या बड्या देवाच्या घराला वेढा घालतात. तोडगा निघतो तो असा की मातीपासून माणूस घडवायचा आणि हे ओझं त्याच्या पाठीवर टाकायचं. पुढे महापुरात माणसं बुडतात तेव्हा अर्पण करायला कुणी उरत नाही आणि देव उपाशी राहतात. या कथेत ‘देवाला सेवक कशाला?’ हा प्रश्न कुणाला पडणारच नाही. उत्तर समोरच आहे: देव थकतात, त्यांना भूक लागते, म्हणून.

मग देवाची कल्पना वाढत गेली. तो एक झाला, परिपूर्ण झाला, सर्वशक्तिमान झाला. पण त्याच्या सेवकाची कल्पना बरीचशी जुन्या देवांच्या वेळची राहिली. तुम्हाला जे टोचतंय ते या दोन काळांमधलं अंतर आहे.

आणि हे अंतर धर्मग्रंथांच्याही लक्षात आलेलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. बायबलमधल्या पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण सगळं जगच माझं आहे. अथेन्समध्ये बोलताना ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने सांगितलं की देवाला काही कमी आहे म्हणून त्याला माणसांच्या हातची सेवा लागते असं नाही. कुराणाच्या एक्कावन्नाव्या सूरेत माणसाची निर्मिती उपासनेसाठी आहे असं सांगून लगेच पुढे म्हटलंय की मला त्यांच्याकडून उपजीविका नको, त्यांनी मला खाऊ घालावं असंही नको. गीतेत कृष्ण म्हणतो, ‘न मे पार्थास्ति कर्तव्यं त्रिषु लोकेषु किञ्चन’, तिन्ही लोकांत मला करायचं राहिलेलं असं काहीच नाही. पाचव्या अध्यायात तर परमेश्वर कुणाचं पापही घेत नाही आणि पुण्यही घेत नाही असं स्पष्ट आहे. तुम्ही कुठल्या परंपरेतल्या आहात ते मी इथे सांगत नाही, पण यांपैकी एक तरी वचन तुमच्या ओळखीचं निघेल.

म्हणजे ‘देवाला गरज नाही’ हे मोठमोठ्या परंपरांनीच म्हणून ठेवलं आहे. त्या गृहस्थांचं दुसरं वाक्य बरोबरच होतं. अडचण अशी की ते वाक्य खरं धरलं, तर पहिलं वाक्य कुणालाच कधी उच्चारता येणार नाही.

मग सेवा कशासाठी? याला जी उत्तरं दिली गेली ती सगळी सारख्या वजनाची नाहीत.

वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी हाच आक्षेप स्वतःवर घेतला आहे: ज्याला काही मिळवायचं नाही त्याने जग निर्माण का करावं? उत्तर आहे लीला, म्हणजे हेतूवाचून चाललेला खेळ. तर्क म्हणून ते सुंदर आहे. ज्याच्या घरी आजारपण चालू आहे त्याला मात्र ‘हा खेळ आहे’ हे ऐकवू नये, असं माझं मत आहे.

दुसरं उत्तर निमित्ताचं. गीतेत कृष्ण अर्जुनाला म्हणतो, ‘निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्’, सगळं आधीच झालेलं आहे, तू फक्त निमित्त हो. यात कर्तेपणाचं ओझं उतरतं हे खरं, आणि अनेकांना त्याने धीर मिळाला आहे. पण याच उत्तरात एक फट आहे. सगळं ठरलेलंच असेल तर तुम्ही वडिलांपाशी बसलात हेही ठरलेलंच होतं. निमित्ताचा सिद्धान्त मांडणाऱ्याने कुणाच्या गैरहजेरीबद्दल तक्रार करू नये.

तिसरं तुम्हाला मिळालेलं: गरज देवाला नाही, तुम्हाला आहे. सेवेने माणूस घडतो, ‘मी’पणा झिजतो, दुसऱ्याचं दुःख दिसू लागतं. हे मी नाकारणार नाही. तुम्हीच लिहिलंय की सुरुवातीच्या काळात तिथे गेल्यावर तुमचा तापट स्वभाव निवळला. पण सेवा जर तुमच्यासाठीचं औषध असेल, तर औषधाला मात्रा असते आणि ते लागू पडतंय की अंगावर उठतंय हे ज्याने घेतलं त्याला विचारायचं असतं. ‘तुमच्या भल्यासाठी’ असं म्हणायचं आणि भलं होतंय की नाही हे तुम्हाला ठरवू द्यायचं नाही, हा व्यवहार मला मान्य नाही.

चौथं उत्तर वेगळ्याच दिशेने जातं. एट्टी हिलेसम ही नेदरलँड्समधली तरुण ज्यू मुलगी. नाझींच्या ताब्यातल्या अॅमस्टरडॅममध्ये जुलै 1942मध्ये तिने रोजनिशीत देवाला उद्देशून लिहिलं, त्याचा आशय असा: तू आम्हाला मदत करू शकत नाहीस हे मला दिसतंय, आम्हीच तुला मदत करायला हवी, आमच्या आत तुझी जी जागा आहे ती शेवटपर्यंत राखायला हवी. पुढच्या वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आउश्वित्झमध्ये तिचा अंत झाला. तिच्या देवाला माणूस खरोखर लागतो. पण त्यासाठी तिने ‘सर्वशक्तिमान’ हा शब्द सोडून दिला आहे. हा सौदा तुम्हाला परवडेल का, ते तुम्हीच पाहायचं. मला एवढंच दिसतं की सगळं करू शकणारा देव आणि आपल्यावाचून अडणारा देव, असे दोन्ही एकाच वेळी पदरात घेता येत नाहीत.

आपल्या संतांनी तर ही नात्याची दिशाच उलटी करून टाकली. जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते, आणि कथा सांगते की तिच्या जात्याला हात लावायला विठ्ठल येतो. एकनाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. या कथांत अडलेलं असतं ते जनीचं दळण, आणि धावून येतो तो देव. तुकोबा तर देवालाच ऐकवतात की अंधारामुळे दिव्याला शोभा आली, तसं आम्ही पतित आहोत म्हणून तुला नाव आणि रूप मिळालं. यात दास्य आहे, भांडणही आहे आणि भांडण्याचा हक्कही आहे. प्रश्न विचारला म्हणून ‘अहंकार’ असं ऐकून घेणाऱ्या दास्याचं या दास्याशी काय नातं, मला सांगता येणार नाही.

आणखी एक उत्तर आहे, ते टाळलं तर मी अप्रामाणिक ठरेन. सेवेची मागणी करणारा देव नसेलच, मागणारी माणसंच असतील, असंही तुमचा विचार म्हणू शकतो. विचार करता करता तुम्ही तिथे पोचलात तर ते घसरणं नव्हे. न पोचलात तर तो भ्याडपणा नव्हे. इतकं मोठं उत्तर आजच्या आज ठरवायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक आहे, त्याला थोडं हलवून पाहतो. तुम्ही धरून चालला आहात की देवाला गरज असेल तरच सेवेला अर्थ, नसेल तर सगळं व्यर्थ. पण तुम्ही नव्याने येणाऱ्या भांबावलेल्या माणसांना बसवून घेता, त्यांचं ऐकता. त्यांना तुमची गरज होती. ती भागली. त्यासाठी देवाच्या पोटात भूक असायची आवश्यकता नाही. गेल्या वर्षांतलं तुमचं काम फुकट गेलं का, या शंकेने तुम्ही झुरताय असं पत्रावरून वाटतं. तर ज्यांना त्याचा उपयोग झाला त्यांच्या बाजूने पाहा, तिथे ते जमेलाच धरलेलं आहे.

म्हणूनच ‘देवाला गरज नाही’ यातून सेवा रद्द होते असं मला दिसत नाही. रद्द होते ती सक्ती. ज्याला काहीच कमी नाही त्याच्या नावाने थकबाकी वसूल करायला कुणी येऊ शकत नाही. कार्यक्रमाला माणसं हवी असतात संस्थेला. सतरंज्या घालायला हात हवे असतात, हिशेब लिहायला कुणी हवं असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माणसांच्या संस्था अशाच चालतात. फक्त मागणी करताना तिने स्वतःच्या नावाने करावी.

इथूनच व्यवहाराचं बोलू. यापुढे सेवेचा निरोप आला की मनातल्या मनात त्यातला ‘देव’ हा कर्ता काढा आणि तिथे खरा कर्ता घाला. ‘देवाला तुमची शनिवारची सेवा हवी आहे’ याचं ‘शनिवारी आमच्याकडे दोन माणसं कमी आहेत, याल का?’ असं होईल. पहिल्याला नाही म्हणणं म्हणजे द्रोह वाटतो. दुसऱ्याला हो, नाही, अर्धा दिवस येते, यांपैकी काहीही म्हणता येतं. आणि जमलं तर त्या गृहस्थांनाही तसंच बोलायला लावा: ‘तुम्हाला मदत हवी असेल तर तसं सांगा, मी जरूर बघेन.’ हे हसत म्हणता येतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ढोंगाच्या. शंका असताना सेवा करणं हे ढोंग नाही. ढोंग तेव्हा होईल, जेव्हा तुम्ही नव्या लोकांना तेच वाक्य सांगाल जे तुम्हाला स्वतःला पटत नाही. एवढं एक पथ्य पाळा. कुणी विचारलं तर ‘मलाही हा प्रश्न पडलाय’ म्हणा, किंवा गप्प राहा. पण ‘तुमच्यामुळे अडलंय’ ही ओळ तुमच्या तोंडून पुढे जाऊ देऊ नका.

मग सुटी घ्या. सोडण्याची घोषणा नको, भांडण नको. नीट सांगून, तारीख ठरवून, दोन-तीन महिन्यांची. कारण द्यायचं झालं तर वडील आहेतच, आणि ते कारण खरंही आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा ‘स्वकर्मकुसुमांची’ सांगितली आहे. आपल्या वाट्याला आलेलं काम हीच फुलं. आजारी वडिलांची पथ्यं सांभाळणं हे तुमच्या वाट्याचं काम नाही असं ज्याला म्हणायचंय त्याने ज्ञानेश्वरांशी वाद घालावा.

या सुटीत स्वतःकडे लक्ष ठेवा. तुम्हाला कशाची आठवण येते? प्रार्थनेची, त्या मैत्रिणींची, की तिथे मिळणाऱ्या मानाची? तिन्हींत वाईट काही नाही, पण उपाय निरनिराळे आहेत. प्रार्थना घरी करता येते. मैत्रिणींना चहाला बोलावता येतं. जी फक्त सेवेपुरती मैत्रीण होती ती येणार नाही, हे कळलेलं बरं. मानाची आठवण येत असेल तर तेही प्रामाणिकपणे मान्य करा, कारण कित्येक जण नेमकं तेवढ्याचसाठी वर्षानुवर्षं थांबतात आणि त्याला भक्ती म्हणतात. वडिलांची चौकशी करायला कोण फोन करतं आणि ‘परत कधी?’ एवढंच कोण विचारतं, तेही दिसेलच.

यजमानांबद्दल. त्यांच्यासमोर सर्वशक्तिमानाचं कोडं ठेवू नका. त्यांची श्रद्धा ज्या जागी उभी आहे ती तुम्ही उकरताय असं त्यांना वाटत असणार, म्हणून ते ‘विचार करू नकोस’ म्हणतात. त्यांना थकव्याबद्दल सांगा. आठवड्यातला एक दिवस घरासाठी हवा आहे, असं सांगा. ते त्यांना कळेल. ते जात राहिले तर जाऊ द्या. त्यांनी तुमच्यासोबत थांबावं ही अट नको आणि तुम्ही त्यांच्यासोबत जावं हीही नको. पैशांचं मात्र दोघांनी बसून ठरवा. दान किती, हे घरात ठरू दे, तिथे सगळ्यांसमोर नव्हे. दान देण्यासाठी कर्ज कदापि नको.

प्रश्न मात्र सोडून देऊ नका. तो फक्त थकव्यातून आलाय, विश्रांती घेतली की जाईल, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. थकव्याने तो वर आला असेल, पण तो स्वतःच्या पायावर उभा राहणारा प्रश्न आहे. तुमच्याच परंपरेत एखादा माणूस शोधा ज्याला तो विचारता येईल. कसा ओळखायचा? जो तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना तुमच्या स्वभावाबद्दल बोलू लागतो, तो नव्हे. ‘मलाही पूर्ण उलगडलेलं नाही’ असं जो म्हणू शकतो, त्याच्यापाशी बसा.

असंच पत्र आणखी कुणी मनात लिहीत असेल, तर त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. कमी येऊ लागल्यावर कुणी अनिष्ट घडेल म्हणून धमकावलं, आजारपणाचा संबंध सेवेच्या खंडाशी जोडला, नातेवाइकांशी बोलणं बंद करायला सांगितलं, तर तिथे देवाच्या गरजेची चर्चा संपली असं समजा. हा भीतीचा व्यवहार आहे. संस्थेबाहेरच्या, विश्वासातल्या एका तरी माणसाला सगळं सांगा; झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर समुपदेशकाकडे जा. ताईंच्या पत्रात असं काही दिसत नाही. त्यांना एक ओशाळवाणं वाक्य ऐकावं लागलं, इतकंच. त्यावरून सगळी संस्था वाईट ठरवायची घाई मी करणार नाही.

आणि सेवेकऱ्यांच्या याद्या करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही: माणसं कमी पडतात, हे सरळ सांगा. लोक येतात.

राहता राहिली जमाखर्चाची वही. सुटीवर जाण्याआधी ती पूर्ण लिहून काढा, शिल्लक जुळवा, आणि दोन जबाबदार व्यक्तींसमोर सोपवून तारखेसह पोच घ्या. तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. कुणी म्हणेल, देवाच्या कामात पोच कसली? तरीही घ्या.